ताईचं स्वप्न आणि माझं

आमच्या घरात स्वप्न सांगायची पद्धत नव्हती. सकाळी उठून कुणी ‘मला आज असं दिसलं’ म्हणून सुरुवात केली, की वडील पेपरातून डोकं वर न काढता विचारत, “रात्री काय खाल्लं होतं?” आणि विषय तिथेच संपायचा. हा नियम त्यांच्याकडे आजोबांकडून आला होता. आजोबांच्या आईच्या स्वप्नात म्हणे देवी यायची. कधी कोंबडं मागायची, कधी बोकड. घरातलं लेकरू तापानं फणफणलेलं असलं की हमखास यायची, आणि मग औषध राहायचं बाजूला, आधी बोकडाची सोय बघितली जायची. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगून टाकलं, “आजपासून या घरात कोणाच्या सपनात कोणीबी आलं तरी त्याले काही भेटणार नाही.”

माझा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला. देवी माझ्या वाट्याला आली नाही, नियम तेवढा आला. नागपूरला आमच्या पाचपावलीतल्या विहारात भिंतीवर एक चित्र होतं. बोधिसत्त्वाची आई झोपलेली आहे आणि आभाळातून एक पांढरा हत्ती तिच्याकडे येतो आहे. मी एकदा वडिलांना विचारलं, हेही स्वप्नच ना, मग हे कसं चालतं? ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चित्रकाराले हत्ती चांगला काढता येत असंन.”

त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर एका स्वप्नानं माझी झोप नाही तर जाग बिघडवली, तेव्हा ते सांगायचं कुणाला आणि कसं, हेच मला ठाऊक नव्हतं. शिवाय स्वप्न ताईबद्दल होतं.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि ती सतरा. वडील गिरणीत पाळीवर जात. ताईनं शाळा सोडली, घर हातात घेतलं आणि घराबरोबर मलाही. गांधीबागेतल्या कापडवाल्यांकडून ती परकर शिवायला कापड आणायची, घरी मशीनवर शिवायची आणि शिवलेले गठ्ठे डोक्यावर घेऊन परत पोचवायची. माझी फी, माझे बूट, माझ्या वेण्या, माझं पाळीचं पहिलं दुखणं, सगळं तिच्या हातून गेलं. माझी दहावी झाली त्यानंतर तिनं लग्न केलं, तेही वस्तीतल्याच माणसाशी, म्हणजे मी रोज तिच्या नजरेसमोर राहीन.

मला बारावीनंतर बी.एस्सी. करायचं होतं. झाडंपानं आवडायची. ताई म्हणाली, “डी.एड. कर. नोकरी लवकर लागते.” नोकरी लवकर लागली. स्थळही तिनंच पाहिलं आणि नवरा चांगला निघाला. प्रताप नगरातला आमचा फ्लॅटसुद्धा तिनं पसंत केला. आम्ही दोघं खोल्या बघत होतो तेव्हा ती खाली चौकीदाराला पाण्याबद्दल विचारत होती. तिनं घेतलेला एकही निर्णय चुकला नाही. म्हणून तक्रारीला जागाच नव्हती, आणि माझ्या मनात तक्रार नाहीच, असं मी धरून चालले होते.

शाळेतल्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली तेव्हा मी ध्यानाला बसायला लागले. आमच्या भागात एका छोट्या विहारात रविवारी सकाळी बायका जमतात. तिथे एक वयस्क भिक्खुणी राहतात, भंडाऱ्याकडच्या. त्यांना सगळे आर्याजी म्हणतात. आधी श्वासावर लक्ष, मग मैत्रीभावना, असा आमचा क्रम असतो. मैत्रीभावनेत आधी स्वतःसाठी सुख चिंतायचं, मग एका प्रिय माणसासाठी, मग अनोळखी माणसासाठी, मग ज्याच्याशी पटत नाही अशा माणसासाठी. प्रिय माणूस म्हटलं की मी दर वेळी ताईलाच समोर आणायची. त्यात काही विचार करावा लागत नसे. पिवळ्या साडीतली, एका लग्नात काढलेल्या फोटोसारखी हसणारी ताई यायची, मी म्हणायची सुखी हो, आणि पुढे जायची. वर्गातल्या बायका म्हणायच्या, तुझा चेहरा किती शांत झाला आहे. मला ते ऐकायला आवडायचं.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या एप्रिलात ताईचा फोन आला. नवरा वारल्यापासून ती मुलाबरोबर राहायची; त्यानं जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलं होतं. तो बायको-मुलांना घेऊन दोन खोल्या भाड्यानं घेणार होता.

“मी तुह्याकडं येऊन राहिली,” ताई म्हणाली. “दिवाळीपर्यंत.”

“ये ना,” मी म्हटलं.

विचारलं तिनं नव्हतं, आणि विचारायचं कारणही नव्हतं. मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून आमची एक खोली रिकामीच होती. नवऱ्यालाही ताईबद्दल फार आदर. तो त्याच संध्याकाळी जाऊन नवीन गादी घेऊन आला.

त्या आठवड्यात ते स्वप्न पहिल्यांदा पडलं. दुपारची वेळ होती. एप्रिलात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कुलर लावून, पडदे ओढून मी पडले होते. स्वप्नातही दुपारच होती. दाराची बेल वाजली. मी दार उघडलं, तर समोर ताई, हातात तिची कापडी पिशवी, कपाळावर घाम. मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिनंही पाहिलं. आणि मी दार लावलं, कडी घातली आणि घरात वळले. बस, एवढंच.

जाग आली तेव्हा मी आनंदात होते. साधा आनंद नव्हे. सगळं अंग हलकं झालेलं, छातीत गार पाणी पसरावं तसं काहीतरी, इतकी वर्षं डोळे मिटून बसून कधी मिळालं नव्हतं असं. मी पडल्या पडल्या हसत होते. मग हळूहळू लक्षात आलं, की आपण कशासाठी हसतो आहोत.

पुढच्या रविवारी मैत्रीभावनेत पिवळ्या साडीतली ताई आलीच नाही. दारातली घामेजलेली ताई आली. तिला ‘सुखी हो’ म्हणताना माझी जीभ जड झाली. मी प्रिय माणूस बदलून मुलाला आणलं, आणि त्या बदलाचीच मला इतकी लाज वाटली, की उरलेला वेळ मी नुसती बसून राहिले.

स्वप्न पुन्हा पडलं. कधी ताईबरोबर शिवणाची मशीन असायची, कधी पाऊस असायचा. दार लावणं मात्र तेच आणि नंतरचा आनंदही तोच. नवऱ्याला मी नुसतं ‘वाईट स्वप्नं पडतात’ एवढं सांगितलं. तो वीज खात्यात आयुष्य काढलेला माणूस, वडिलांच्याच पठडीतला. “कुलर डोक्यावर घेऊ नको,” म्हणाला आणि त्यानं कुलरचं तोंड फिरवलं.

शेवटी एका संध्याकाळी, गर्दी नसताना, मी विहारात गेले. आर्याजी खिडकीजवळ बसून चीवराचा उसवलेला काठ शिवत होत्या. मी वंदन केलं आणि म्हटलं, “एक विचारायचं होतं. पण ते स्वप्नाबद्दल आहे.”

“मग सांग,” त्या म्हणाल्या. सुई चालूच होती.

मी सांगितलं. ताई कोण, तिनं माझ्यासाठी काय केलं, हे आधी खूप सांगितलं. स्वप्न शेवटी, दोन वाक्यांत. आनंदाचं सांगताना माझा आवाज खाली गेला.

“तू तिले मारलं नाही ना?”

“नाही. फक्त दार लावलं.”

“मारलं असतं तरी आमच्या नियमांत एक सोय आहे,” त्या म्हणाल्या. “भिक्खूच्या हातून सपनात काही घडलं तर त्याचा दोष लागत नाही. जागेपणी केलं तर लागते.”

मला एकदम बरं वाटलं. “म्हणजे विसरून जाऊ?”

“दोष नाही म्हटलं. विसर असं नाही म्हटलं.” त्यांनी दोरा तोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “आपण इतके वर्ष मैत्री करतो. ती कुठपर्यंत पोचली हे जागेपणी समजत नाही, कारण जागेपणी आपण शहाणे असतो. झोपेत शहाणपण नसते. तवा दिसते. तुले वाटलं पार तळापर्यंत गेली. ती वरच्या वर होती.”

मला वाटलं होतं त्या काहीतरी समजुतीचं बोलतील.

“आनंद झाला म्हणते,” त्या पुढे म्हणाल्या. “कशाचा झाला? ती बाहेर राहिली त्याचा, का तू आत राहिली त्याचा?”

“मला नाही सांगता येत.”

“घाई नाही. सपनाचा अर्थ शोधत बसू नको, त्यात लोक लय भटकतात. कोणी हत्ती पाहते, कोणी साप पाहते, अन् मग विचारत फिरते. तू फक्त उठल्यावर त्या आनंदाजवळ बस. त्याले हाकलू नको अन् कुरवाळू बी नको. अन् मैत्री आता फोटोतल्या बाईसाठी नको करू. पिशवी घेऊन उभी आहे ना दारात, तिच्यासाठी कर. दार उघडलंच पाहिजे असं नाही. बंद दाराआडून कर.”

मी घरी आले आणि सांगितलं तसं करायला लागले. स्वप्न पडलं की उठून लगेच तोंड धुवायला न जाता गादीवरच बसायची. आधी काही दिवस लाजेशिवाय दुसरं काही हाती लागेना. नंतर एकदा मला स्वप्नातली ती जागा सापडली. दार लावून मी घरात वळते तेव्हा घर शांत असतं. कुणी काही विचारत नाही, कुणी काही सुचवत नाही, पुढे काय करायचं ते ठरलेलं नसतं. आनंद त्या शांततेचा होता. ताईला बाहेर ठेवल्याचाही थोडा होता, ते नाकारत नाही. पण मोठा भाग त्या घरात एकटी असण्याचा होता. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात, ताईला विचारल्याशिवाय आत येता येणार नाही अशी एकही खोली मला नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मे महिन्यात ताई आली. तिचा मुलगा तिला ऑटोतून घेऊन आला, पिशवी, औषधांचा डबा आणि शिवणाची मशीन घेऊन. मी दार उघडलं, आणि स्वप्न आठवून मला क्षणभर धडकीच भरली. मग मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

दोन दिवसांत स्वयंपाकघर बदललं. मसाल्याचा डबा उजव्या हाताला गेला, वरणाचं पातेलं, आमच्या बोलीत गंज, खालच्या फळीवर, आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, ओल्या फडक्यात बांधून माठाशेजारी. सगळं आधीपेक्षा सोयीचंच होतं. दर तासाला प्रश्न असायचा. जेवली का? गोळी घेतली का? इतकं पातळ वरण काहून केलं? मी दुपारी माझ्या खोलीत ध्यानाला बसले की दार ढकलून ती आत यायची.

“झोपली का वं?”

“ध्यान करून राहिली, ताई.”

“कर, कर. मी इथंच बसते,” म्हणून ती पलंगावर बसायची आणि हलक्या आवाजात भाचेसुनेच्या बाळंतपणाचं सांगायला लागायची. मी डोळे मिटून ऐकायची. ती घरात आल्यापासून ते स्वप्न मात्र पडेनासं झालं. जागेपणीच ते माझ्याबरोबर हिंडत होतं.

जूनच्या सुरुवातीला, उकाडा उतरलेला नव्हता तेव्हा, ताई एका दुपारी बैठकीच्या खोलीत दिवाणावर झोपली होती. मी आत होते. तिची हाक ऐकू आली. माझं लहानपणचं नाव, जे आता कुणीच घेत नाही, ते ती ओरडत होती, आणि आवाज तिचा वाटत नव्हता, फार कोवळा होता. मी धावत गेले. तिचा एक हात डोक्याच्या वर होता, दुसरा दिवाणाच्या बाहेर, हवेत काहीतरी चाचपडत. मी तो धरला तसे तिनं डोळे उघडले. माझा हात तिनं इतका घट्ट आवळला की बांगडी रुतली.

पाणी दिलं. ती उठून बसली, पदरानं तोंड पुसलं. “काही नाही,” म्हणाली. “पोटात गॅस झाला असंन.”

“काय दिसलं, ताई?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वावगं विचारलं. मग खाली बघत बोलायला लागली.

“गांधीबाग. डोक्यावर गठ्ठा आहे, एका हातानं धरला आहे. दुसऱ्या हातात तू. गर्दी लय आहे. चालता चालता हात हलका होते. समजते मले की तू नाही. पण खाली पाहता येत नाही, गठ्ठा पडंन. टाकूनबी देता येत नाही, कापड लोकाचं आहे. मग नुसती हाक मारते.”

“मग?”

“मग काय. जाग येते.”

“कधीपासून पडतं हे?”

“आई गेल्यापासून.”

मी हिशेब केला, पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. “मी खरंच हरवले होते का कधी?”

“नाही वं,” ताई म्हणाली. “एकदाबी नाही. मी हात सोडलाच नाही कधी.”

ती इतकी वर्षं हे एकटी बघत आली होती, आणि वडिलांच्या घरात सांगायची सोय नव्हती म्हणून गॅस म्हणत आली होती. मला वाटलं आता आपण गप्प राहिलो तर ते बरोबर होणार नाही. कदाचित तो मोह असेल, मला अजूनही नक्की सांगता येत नाही. मी तिला माझं स्वप्न सांगितलं. दारात ती, पिशवी, कडी. आनंदाचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर स्वप्न खोटं झालं असतं.

ताई पदराच्या टोकाची घडी घालत ऐकत होती.

“मी काय म्हटलं मग?”

“काही नाही. तू नुसती उभी होती.”

“अन् तुले आनंद झाला.”

“हो.”

ती उठली, आत गेली, चहा केला, माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा घेऊन बाल्कनीत बसली.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. ताई रागावली नव्हती, पण तिनं विचारणं बंद केलं. जेवली का, गोळी घेतली का, काही नाही. मसाल्याचा डबा एके सकाळी जुन्या जागी परत आलेला दिसला. घरात स्वप्नातल्यासारखी शांतता झाली होती आणि मला त्यात बसवत नव्हतं. तिच्या मुलाचा फोन आला, “मावशी, आईले काय झालं? भाड्याच्या खोलीत जागा आहे का म्हणून विचारून राहिली.” मी त्याला थोडं थांब म्हटलं. ताईची माफी मागावी असं बरेचदा ओठांवर आलं. पण माफी कशाची मागायची? दार मी जागेपणी लावलं नव्हतं, आणि लावायचंच नव्हतं असंही मला म्हणता येत नव्हतं. आर्याजींनी सांगितलं होतं तशी मी त्या अवघडपणाजवळ बसत राहिले.

एका सकाळी मी ओट्याशी सांबार निवडत होते. ताई येऊन शेजारी उभी राहिली आणि तिनंही एक जुडी ओढली.

“ध्यान किती वेळ करते तू?”

“पाऊण तास.”

“मग दार लावून बसत जा ना. मी काही वाघ आहे का? तू सांगितलंच नाही तर मले कसं समजंन?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तू?”

ती देठं खुडत राहिली. उत्तर द्यायच्या आधी तिनं खरंच विचार केला, हे तिच्या हातावरून कळत होतं.

“नसतं ऐकलं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आता ऐकून राहिली ना.”

त्या दुपारी मी माझ्या खोलीचं दार लावलं. स्वप्नातला आनंद वगैरे काही झाला नाही. बाहेर ताईची पावलं दारापर्यंत आली, थांबली, परत गेली. थोड्या वेळानं मशीनचा आवाज सुरू झाला. मी त्या आवाजात बसले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा मैत्रीभावना करताना मला कुणाला समोर आणावं लागलं नाही. ती भिंतीपलीकडेच होती, चष्मा नाकावर, अभ्र्यांना दुमड घालत. सुखी हो, हे मी तिला म्हटलं आणि ते म्हणताना जीभ जड झाली नाही.

पावसाळा लागल्यावर ताई रविवारी माझ्याबरोबर विहारात यायला लागली. तिला बसून बसून गुडघे दुखायचे, म्हणून तिच्यासाठी खुर्ची ठेवली जायची. एका रविवारी सगळं आटोपल्यावर, बायका चटया गुंडाळत असताना, तिनं सरळ आर्याजींना विचारलं, “मले एक सपन पडते. तुम्ही माह्या बहिणीले सांगितलं, मलेबी सांगा.” आणि सगळ्यांसमोर तिनं गांधीबाग सांगितली. चटया गुंडाळायच्या थांबल्या.

आर्याजींनी ऐकून घेतलं. “सपनात तू केवढी असते?” त्यांनी विचारलं.

“केवढी म्हणजे?”

“आता आहे तेवढी? म्हातारी?”

“नाही. तवाचीच. सतरा-अठराची.”

“म्हणजे बाजारात दोन पोरी आहेत,” आर्याजी म्हणाल्या. “एक लहान, एक तिच्याहून थोडी मोठी. लहानीचा हात तू धरला. मोठीचा कोणी धरला होता?”

ताई म्हणाली, “तिले कोणाची गरज नव्हती.”

“असं ती म्हणते, का तू म्हणून राहिली?”

ताई खुर्चीत जरा सरकून बसली. आर्याजींनी तो प्रश्न तिथेच सोडला. त्या एवढंच म्हणाल्या, “तू सगळ्यांसाठी मैत्री करते, मी पाहून राहिली. लेकासाठी, नातवांसाठी, बहिणीसाठी. त्या पोरीसाठीबी करत जा रोज थोडी.”

“स्वतःसाठी कसं करू?” ताई म्हणाली. “बरं नाही दिसत.”

“स्वतःसाठी नको करू. त्या पोरीसाठी कर.”

घरी येताना ऑटोत ताई बाहेर बघत बसली होती. सिग्नलला ऑटो थांबला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “गठ्ठा लय जड असायचा वं.”

मी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्या कामाबद्दल कितीतरी सांगितलं होतं. कोणता शेठ चांगला, कोणत्या दुकानात पाणी मिळायचं, कापड कसं ओळखायचं. गठ्ठा जड होता हे कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या गालावर पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. एरवी माझा हात नेहमी तिच्या हातात असायचा. तो दिवस वेगळा होता, हे आम्हाला दोघींनाही जाणवलं असावं.

त्यानंतर ताईचं स्वप्न थांबलं असं मी सांगितलं तर ते खरं होणार नाही. ते पडत राहिलं, पण ताई ते सांगायला लागली. सकाळी चहाच्या वेळी, नवरा समोर पेपर वाचत असताना. पहिल्यांदा त्याची जरा पंचाईत झाली. पण ताईला ‘रात्री काय खाल्लं’ असं विचारायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो ऐकायचा. पुढे पुढे तर तो पेपर खाली ठेवून ऐकायला लागला. गणपतीच्या दिवसांत, बाहेर मंडळाचे ढोल वाजत असताना, ताई कपात बिस्कीट बुडवत म्हणाली, “आज गठ्ठा खाली ठेवला मी.”

“सपनात?” मी विचारलं.

“हो. रस्त्यातच ठेवला. अन् खाली पाहिलं.”

“होते का मी?”

“होती ना. तिथंच होती. फुटाणे खाऊन राहिली होती.”

नवऱ्यानं विचारलं, “अन् कापड? लोकाचं कापड होतं ना ते?”

ताईनं विचार केला. “मळलं असंन थोडं,” ती म्हणाली आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

मी हे आर्याजींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पण फार खूश झाल्या असं वाटलं नाही. म्हणाल्या, “चांगलं आहे, आता तिनं ते सपन धरून बसू नये एवढं पाहा. चांगल्या सपनाले धरून बसणारे लोक मी जास्त पाहिले.” मी ते ताईला तसंच सांगितलं. ताई म्हणाली, “मले कुठं वेळ आहे धरून बसायले.” तिला माझ्या खिडक्यांचे पडदे संपवायचे होते.

मला अजूनही नक्की सांगता येत नाही, की स्वप्नानं आम्हाला शिकवलं, की आर्याजींनी, की दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बहिणी एका घरात काही महिने राहिल्या त्यानं. वडील असते तर त्यांनी त्यांचं उत्तर दिलं असतं आणि ते अगदीच चूक ठरलं नसतं. ताईला खरोखरच गॅसचा त्रास आहे. मला एवढं कळलं, की जागेपणी मी स्वतःबद्दल जे सांगते ते सगळं धरून चालायचं नाही. अधूनमधून झोपेतल्या बाईलाही विचारून घ्यायचं.

दिवाळी झाली तरी ताईच्या घराला रंग लागायचा होता, म्हणून ती आणखी थोडे दिवस राहिली. मग तिचा मुलगा आला आणि मशीन, डबा, पिशवी ऑटोत चढवून तिला घेऊन गेला. गेल्यावर मी स्वयंपाकघरात पाहिलं, तर मसाल्याचा डबा पुन्हा उजव्या हाताला. जाण्याआधी कधीतरी तिनं हलवला असणार. मी तो तिथेच राहू दिला, कारण तिथे तो खरंच सोयीचा आहे.

आता ती नव्या घरात वरच्या मजल्यावर राहते. फोन रोज येतो, प्रश्नही तेच असतात. मधे एकदा तिच्या सुनेचा फोन आला. तिला काळजी वाटत होती. म्हणाली, “मावशी, आई सकाळी खिडकीजवळ खुर्चीत डोळे मिटून बसतात. ध्यान करते म्हणतात, पण घोरण्याचा आवाज येते. उठवू का?”

“नको,” मी म्हटलं. “उठतील त्या आपल्या आपण. मग चहा दे.”